साखळीतला राखणदार

सातारा शहरापासून थोड्याच अंतरावर कृष्णा आणि वेण्णा या दोन नद्या एकमेकींना मिळतात. या ठिकाणाला संगम माहुली म्हणतात. नदीकाठी जुनी दगडी मंदिरे आहेत, घाट आहे आणि राजघराण्यातील व्यक्तींच्या समाध्या आहेत. छत्रपती शाहू महाराजांची समाधी तेथेच आहे. तिच्याजवळ एका कुत्र्याचीही समाधी दाखवतात. त्या कुत्र्याचे नाव खंड्या होते, असे लोक सांगतात.

हे शाहू महाराज म्हणजे शिवाजी महाराजांचे नातू. 1708 साली साताऱ्याला त्यांचा राज्याभिषेक झाला. 1749 साली ते वारले. वाघाच्या शिकारीच्या वेळी या कुत्र्याने त्यांचा जीव वाचवला होता. महाराज ते उपकार विसरले नाहीत. ग्रँट डफ नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1826 साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात तो लिहितो, की महाराजांनी या कुत्र्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला होता. एकदा तर त्यांनी कुत्र्याला भरजरी वस्त्रे व दागिने घातले आणि भर दरबारात स्वतःचे पागोटे त्याच्या डोक्यावर ठेवले!

कुत्र्याला पालखीची काय गरज, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. खंड्यालाही पालखीपेक्षा मोकळे रानच अधिक आवडले असेल. पण या गोष्टीतला एक मुद्दा ध्यानात ठेवा. वाघ आला तेव्हा खंड्या मोकळा होता. तो साखळीला बांधलेला असता, तर भुंकण्यापलीकडे त्याला काहीच करता आले नसते.

मराठीत कुत्र्याला 'इमानी प्राणी' म्हणतात. हा 'इमान' शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. उर्दूत तुम्ही कुत्र्याला 'वफादार' म्हणता. अर्थ एकच. अस्हाबे कहफची गोष्ट तुम्ही घरी ऐकली असेल. गुहेत झोपलेल्या त्या तरुणांचा कुत्रा दारापाशी पुढचे पाय पसरून बसला होता. महाभारतातही शेवटच्या प्रवासात एक कुत्रा युधिष्ठिराच्या मागोमाग जातो. या दोन्ही कथांतले कुत्रे कोणी बांधून ठेवलेले नाहीत. ते आपल्या मनाने माणसांसोबत राहिले.

आता आपल्या आजूबाजूला पाहू. साताऱ्यापासून कऱ्हाडमार्गे सांगली-मिरजेकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतातल्या वस्त्या दिसतात. घर, गोठा, कडब्याची गंजी आणि दाराशी एक कुत्रा. पुष्कळ ठिकाणी हा कुत्रा लोखंडी साखळीने खुंट्याला किंवा झाडाला बांधलेला असतो. शहरात तो गच्चीवर, जिन्याखाली किंवा फाटकाजवळ बांधलेला दिसतो. सकाळी बांधलेला, रात्रीही बांधलेला. काही कुत्र्यांचा सारा जन्म असा जातो.

त्याच्या खुंट्याभोवतालची जमीन एकदा नीट पाहा. गवताचे एक पातेही तेथे उरलेले नसते. पायांनी तुडवून तुडवून एक गोल, उघडे मैदान तयार झालेले असते. तुम्ही वर्तुळाचे क्षेत्रफळ काढायला शिकला आहात. साखळी 5 फूट लांब असेल, तर त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे 78 चौरस फूट होते. कुत्रा भिंतीतल्या कडीला बांधला असेल, तर त्याच्या निम्मे, म्हणजे 39 चौरस फूट. एका मोठ्या पलंगाएवढी ही जागा. तेवढ्यातच त्याने खायचे, प्यायचे, झोपायचे आणि घाणही तेथेच करायची. कुत्रा स्वभावाने स्वच्छ असतो. मोकळा असला तर तो आपल्या झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊनच घाण करतो. बांधलेल्या कुत्र्याला तेवढीही सोय नाही.

ऊन आणि पाऊस यांचा त्रास तर फारच मोठा. माणसाला उकडले की सर्वांगाला घाम येतो आणि अंग थंड होते. कुत्र्याचे तसे नाही. त्याला घाम येतो तो फक्त पायांच्या तळव्यांना. अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. त्याच्या शरीराचे तापमान मुळातच 38 ते 39 अंश सेल्सिअस असते. ते 41 अंशांच्या वर गेले, तर उष्माघाताने त्याचा जीव जाऊ शकतो. एप्रिल-मे महिन्यांत सांगली, मिरज, जत या भागांत पारा 40 अंशांच्या आसपास जातो. मोकळा कुत्रा अशा वेळी काय करतो? तो गाडीखाली शिरतो, ओली माती उकरून तिच्यात पोट टेकतो, नाहीतर रांजणाच्या गारव्याला जाऊन बसतो. बांधलेल्या कुत्र्याची सावली सकाळी असते आणि दुपारी सरकून पलीकडे जाते. सावली सरकते, पण साखळी सरकत नाही. मालकाने सकाळी झाडाच्या सावलीत कुत्रा बांधला आणि तो कामाला गेला. दुपारी तोच कुत्रा भर उन्हात असतो. यात मालक दुष्ट असतो असे नाही. सूर्य फिरतो, हे त्याच्या लक्षात आलेले नसते.

पाण्याचेही असेच. कुत्रा फेऱ्या मारतो, साखळी भांड्याला लागते आणि पाणी सांडते. मग संध्याकाळपर्यंत घसा कोरडा. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या माणसाची हदीस तुम्ही ऐकली असेल. तो माणूस विहिरीत उतरला, त्याने पायातल्या मोज्यात पाणी भरले आणि तो मोजा दातांत धरून वर चढून आला. आपल्याला विहिरीत उतरण्याचीही गरज नाही. जड बुडाचे दगडी किंवा सिमेंटचे भांडे ठेवले, तर ते साखळीने उलटत नाही.

सातारा जिल्ह्याची तऱ्हा आणखी निराळी. याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुक्यात तो 500 मिलिमीटरच्या आसपास असतो. माणदेशातला बांधलेला कुत्रा उन्हाने भाजतो, तर महाबळेश्वर, जावळी, पाटण या भागांतला कुत्रा पावसाळाभर चिखलात उभा राहतो. सतत ओल्या राहिलेल्या अंगाला त्वचेचे रोग होतात, पायांची बोटे कुजतात. गळपट्ट्याखालची कातडी सोलते. त्या जखमेवर माश्या बसतात आणि आत अळ्या पडतात. लहान पिल्लाच्या गळ्यात बांधलेला पट्टा वेळोवेळी सैल केला नाही, तर पिल्लू वाढते, पण पट्टा तेवढाच राहतो. शेवटी तो मांसात रुततो. जनावरांच्या डॉक्टरांना तो कापून काढावा लागतो. काही वेळा साखळी झाडाला गुंडाळत जाते आणि कुत्रा बुंध्याला जखडला जातो. भिंतीजवळ बांधलेला कुत्रा मांजरामागे भिंतीवरून उडी मारतो आणि पलीकडे लोंबकळून गळफास बसतो. घरात कोणी नसेल, तर कोणाला कळतही नाही.

शरीराच्या दुखण्यांइतकेच मनाचे दुखणे मोठे आहे. कुत्रा हा लांडग्याच्या कुळातला प्राणी. टोळी करून राहणे त्याच्या रक्तात आहे. आपले कुटुंब हीच त्याची टोळी. घरातली माणसे आत जेवताहेत, हसताहेत. त्यांचे आवाज त्याला ऐकू येतात, वास येतात, पण त्यांच्यापर्यंत जाता येत नाही. मग तो फेऱ्या मारतो, साखळी चावतो, रात्रभर भुंकतो. शेजारी वैतागतात, मालक काठी उगारतो. काही दिवसांनी एखादा कुत्रा भुंकायचाही थांबतो आणि नुसता पडून राहतो. 'आता शहाणा झाला,' असे घरचे म्हणतात. मला वाटते, तो शहाणा झालेला नसतो, त्याने आशा सोडलेली असते.

येथपर्यंत आपण कुत्र्याच्या दुःखाचा विचार केला. आता माणसांच्या धोक्याकडे वळू. पुष्कळांना वाटते, की कुत्रा बांधलेला असला म्हणजे मुलांना भीती नाही. प्रत्यक्षात बरेचदा उलटे घडते. कोणत्याही प्राण्याला भीती वाटली, की त्याच्यापुढे दोन वाटा असतात: पळून जाणे किंवा लढणे. बहुतेक कुत्रे पहिली वाट धरतात. बांधलेल्या कुत्र्याची ती वाट आपण बंद केलेली असते. अनोळखी माणूस जवळ आला, की त्याच्याकडे दातच उरतात. शिवाय त्याला इतर माणसांची, मुलांच्या पळापळीची सवयच झालेली नसते. एखाद्या दिवशी कडी तुटली किंवा खुंटा उपटला गेला, तर महिनोन्‌महिने साठलेला राग समोर येईल त्याच्यावर निघतो.

अमेरिकेत डेन्व्हर नावाचे शहर आहे. तेथे 1991 साली ज्या कुत्र्यांनी घराबाहेरच्या माणसांना चावे घेतले, त्यांचा अभ्यास करण्यात आला. चावणाऱ्या 178 कुत्र्यांची त्याच वस्तीतल्या न चावणाऱ्या 178 कुत्र्यांशी तुलना केली गेली. हा अभ्यास 1994 साली प्रसिद्ध झाला. अंगणात साखळीने बांधल्या जाणाऱ्या कुत्र्यांचे प्रमाण चावणाऱ्यांमध्ये बरेच अधिक आढळले. कोणी म्हणेल, की मुळात चावरे कुत्रेच लोक बांधून ठेवत असतील. तेही थोडेफार खरे असेल. पण बांधल्यामुळे चावा टळत नाही, एवढे तर त्यावरून दिसतेच.

म्हणून तुम्ही स्वतः काय सांभाळायचे ते ऐका. बांधलेल्या कुत्र्याभोवतीच्या त्या उघड्या वर्तुळात पाऊल टाकू नका. चेंडू आत गेला, तर मालकाला हाक मारा. कुत्रा शेपूट हलवतो आहे म्हणजे तो खूश आहे असे समजू नका. चिडलेला कुत्राही शेपूट हलवतो. खात असलेल्या कुत्र्याजवळ जाऊ नका. आणि तरीही कुत्रा चावला, तर घरी लपवून ठेवू नका. मार मिळेल या भीतीने मुले पुष्कळदा सांगत नाहीत. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा. तिच्यावर चुना, तिखट, हळद असले काही लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या आणि डॉक्टर सांगतील तितक्या सर्व मात्रा पुऱ्या करा. कुत्रा पिसाळलेला असेल आणि रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, तर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लुई पाश्चर यांनी 1885 साली फ्रान्समध्ये ही लस एका मुलाला प्रथम टोचली, तेव्हापासून वेळेवर लस घेणाऱ्या असंख्य लोकांचे प्राण वाचले आहेत.

रेबीजचा बांधलेल्या कुत्र्याशी आणखी एक संबंध आहे. पिसाळलेला भटका कुत्रा वस्तीत शिरला, तर मोकळे कुत्रे त्याला टाळून पळतात. बांधलेला कुत्रा जागच्या जागी सापडतो आणि चावला जातो. पुढे तोच रोग त्याच्यामार्फत घरात येऊ शकतो. म्हणून कुत्रा बांधा अथवा सोडा, त्याला दरवर्षी रेबीजची लस टोचणे चुकवू नये.

आपल्या भागात बिबट्याचा प्रश्नही आहे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला कोयना अभयारण्य आहे. त्याच्या दक्षिणेला चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचा काही भाग सांगली जिल्ह्यात येतो. पाटण, कऱ्हाड, शिराळा या तालुक्यांत जंगल आणि उसाचे मळे जवळजवळ आहेत. उसात बिबट्याला लपायला जागा मिळते. ऊसतोडीच्या वेळी फडात बिबट्याची पिल्ले सापडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. 2021 सालच्या मार्चअखेरीस तर एक बिबट्या थेट सांगली शहरात राजवाडा चौकाच्या परिसरात आला होता. वनखात्याच्या लोकांनी त्याला बेशुद्ध करून पकडले.

बिबट्या गावाजवळ राहतो तो काय खाऊन? डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले येथे याचा शोध घेतला. त्यांनी बिबट्यांची विष्ठा गोळा करून तिच्यातल्या केसांवरून त्यांचे भक्ष्य ओळखले. 2014 साली हा अभ्यास छापून आला. बिबट्यांच्या आहारात वजनाच्या मानाने सर्वांत मोठा वाटा, 39 टक्के, कुत्र्यांचा निघाला. म्हणजे रात्री अंगणात बांधलेला कुत्रा बिबट्याला अडवत नाही. उलट तो बिबट्याला दारापर्यंत बोलावतो. त्याला पळता येत नाही, आणि त्याच अंगणात बाजेवर माणसेही झोपलेली असतात. अशा भागात रात्री कुत्र्याला घरात, पडवीत किंवा दार बंद होणाऱ्या गोठ्यात घ्यावे. तेथूनही तो भुंकून घर जागे करू शकतो. राखण करायला त्याला कान आणि नाक पुरेसे आहेत.

कायदा याविषयी काय सांगतो? आपल्या देशात 1960 साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. प्रसिद्ध नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल या तेव्हा राज्यसभेच्या सदस्य होत्या. त्यांनी हा प्रश्न संसदेत नेटाने मांडला होता. प्राण्याला अवास्तव आखूड किंवा अवास्तव जड साखळीने गैरवाजवी काळ बांधून ठेवणे, हा या कायद्याने गुन्हा ठरवला. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवून आणण्याकडे मालकाने दुर्लक्ष करणे, हाही गुन्हा ठरला. त्यात कुत्र्याचा मुद्दाम वेगळा उल्लेख आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र 50 रुपयांपर्यंतच ठेवला गेला. 1960 साली ही रक्कम लहान नव्हती. आज तेवढ्यात मिरजेच्या स्टेशनवर दोन माणसांचा नाश्ताही होत नाही. तेव्हा दंडाच्या धाकापेक्षा मालकाच्या समजुतीवरच भिस्त ठेवावी लागते.

आणि मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणतो, 'सोडला तर शेजारच्या कोंबड्या मारतो. हमरस्त्यावर ट्रकखाली जाईल. कोणी चोरून नेईल.' ही कारणे खोटी नाहीत. सांगलीच्या पूर्वेला जतच्या बाजूस लोक कारवानी जातीचे कुत्रे पाळतात. सडपातळ अंगाचे, लांब पायांचे हे कुत्रे पळण्यात पटाईत असतात. पलीकडे कर्नाटकात मुधोळ गाव आहे. तेथल्या कुत्र्यांना तर 2005 साली टपाल तिकिटावर स्थान मिळाले. असे कुत्रे महाग असतात, म्हणून चोरीची धास्ती वाटते. पण वाऱ्यासारखा पळणारा कुत्रा विकत घ्यायचा आणि 5 फुटांच्या साखळीला बांधायचा, यात पैसेही वायाच जातात. माण, खटाव, आटपाडी या भागांतल्या मेंढपाळांचे कुत्रे पाहा. दिवसभर कळपाबरोबर चालून ते इतके दमतात, की संध्याकाळी मेंढ्यांजवळ गुपचूप पडून राहतात. उनाडक्या करायला त्यांच्या अंगात जोरच उरत नाही. घरच्या कुत्र्यालाही सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास फिरवून आणले, तर तो निम्मा शांत होतो. हे काम घरातली मुले आनंदाने करू शकतात, मात्र पट्टा हातात पेलेल इतपत ती मोठी हवीत. नर कुत्र्याची नसबंदी केली, तर त्याची भटकंती आणि भांडणेही कमी होतात.

कुंपण घालता आले, तर उत्तमच. ते परवडत नसेल, तर दोन खांबांमध्ये उंचावर तार ताणावी आणि साखळीची कडी तिच्यावर सरकेल अशी अडकवावी. तारेची लांबी 30 फूट असली, तर कुत्र्याला 30 फूट ये-जा करता येते. सावली जिकडे जाईल तिकडे तोही जातो. गळपट्टा रुंद असावा. त्याच्या आत दोन बोटे सहज शिरली पाहिजेत. साखळी हलकी असावी आणि तिला फिरती कडी असावी, म्हणजे पीळ पडत नाही. आणि बांधायचेच तर कामापुरते, पाहुणे येऊन जाईपर्यंत किंवा दूधवाला फाटकात असेपर्यंत बांधावे.

राहिली एक गोष्ट, आणि कृष्णाकाठच्या मुलांनी ती विसरता कामा नये. सांगलीला कृष्णेवर 1929 साली बांधलेला आयर्विन पूल आहे. त्याच्यापाशी पाण्याची पातळी मोजतात. 45 फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले. सांगलवाडी, हरिपूर, भिलवडी अशा कितीतरी ठिकाणी घरे बुडाली. 2005 आणि 2021 सालीही मोठे पूर आले होते. पुराच्या वेळी माणसे घाईघाईने बाहेर पडतात. गुरांची दावी सोडायची, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पण मागच्या अंगणातला कुत्रा पुष्कळदा आठवत नाही. कधी वाटते, दोन तासांत परत येऊ. पाणी मात्र रात्रीतून चढते. मोकळा कुत्रा पोहतो, उंचवट्यावर जातो, छपरावर चढून बसतो. बांधलेल्या कुत्र्याला साखळीच्या लांबीएवढेच वर येता येते.

म्हणून घर सोडताना कुत्र्याला बरोबर घ्यावे. ते शक्य नसेल, तर निदान त्याला सोडून द्यावे. साखळीची कडी तारेने आवळून किंवा कुलूप घालून ठेवू नये. ती गंजू नये म्हणून पावसाळ्याच्या आधी तिला तेल लावावे. अंधारात, एका हातात कंदील असताना, दुसऱ्या हाताने ती उघडता आली पाहिजे. आणि ती कशी उघडते, हे घरातल्या लहान मुलालाही माहीत असले पाहिजे.